मातृसेवा संघ, नागपूर : प्रसाविका-शिक्षण व शासकीय साहाय्य

स्त्रिया व बालके यांच्या सेवेसाठी नागपूरच्या सीताबर्डी भागात १९२१ मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक संस्था. कमलाताई होस्पेट (१८९६–१९८१) व वेणूताई नेने या तिच्या संस्थापिका होत. चार खाटांचे प्रसूतिगृह एवढेच आरंभीचे स्वरूप असलेल्या या संस्थेच्या शाखा पुढे अनेक ठिकाणी निघाल्या. आरोग्यसेवेच्या इतिहासात तिची नोंद प्रसूतिगृह म्हणून घेतली जाते. परंतु व्यवसायशिक्षणाच्या इतिहासातही तिला स्थान आहे. प्रसूतिगृह चालवावयाचे तर शिकलेल्या परिचारिका हव्यात, आणि त्या मिळत नसल्यामुळे संस्थेनेच त्या घडवावयास हव्यात, अशी त्या काळाची स्थिती होती. समाजातून उभ्या राहिलेल्या अशा शिक्षणकेंद्रांना शासनाने कोणत्या स्वरूपात साहाय्य केले आणि त्या साहाय्याच्या कक्षेबाहेर कोण राहिले, याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

सीताबर्डीची टेकडी नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसले यांचे सैन्य व ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांच्यात झालेल्या लढाईमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर ही त्याची राजधानी ठरली. पूर्वेकडील महाल–इतवारी ही जुनी वस्ती आणि पश्चिमेकडील साहेबांची सिव्हिल लाइन्स यांच्या मध्ये असलेल्या सीताबर्डीवर वकील, शिक्षक, कारकून, डॉक्टर अशा नव्या मध्यमवर्गाची वस्ती वाढत गेली. १८८५ मध्ये मॉरिस महाविद्यालय निघाले. स्कॉटिश मिशनचे स्त्रियांसाठीचे म्यूर स्मारक रुग्णालयही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच परिसरात उभे राहिले. व्हाइसरॉयपत्नी लेडी डफरिन यांनी १८८५ मध्ये भारतीय स्त्रियांना स्त्री-डॉक्टर व परिचारिका यांच्याकडून उपचार मिळावेत म्हणून देशव्यापी निधी उभारला होता. त्यातून ठिकठिकाणी स्त्री-रुग्णालये निघाली व नागपुरासही डफरिन रुग्णालय मिळाले. तात्पर्य, विसाव्या शतकाच्या प्रारंभी नागपुरात प्रसूतीची आधुनिक सोय मुळीच नव्हती असे म्हणता येत नाही. ती सोय मोजक्या स्त्रियांच्याच वाट्यास येत होती, एवढे मात्र खरे.

याचे कारण केवळ रुग्णालयांची कमतरता नव्हते. बाळंतपण ही घरात, तेही घराच्या सर्वांत अंधाऱ्या व आडबाजूच्या खोलीत उरकावयाची गोष्ट समजली जाई. सोयराच्या कल्पनेमुळे बाळंतिणीस दहा दिवस कोणी शिवत नसे. तिच्या वाट्यास जुनेर व तुटकी बाज येई. या दिवसांत तिला हात लावणारी एकच व्यक्ती असे, ती म्हणजे सुईण किंवा दाई. तिच्या कामात रक्त, वार व नाळ यांचा स्पर्श अपरिहार्य असल्यामुळे ते काम बहुधा अस्पृश्य वा हीन मानलेल्या जातींच्या स्त्रियांकडे पिढीजात चालत आलेले होते. सुईणीचा अनुभव दांडगा असे. अडलेली बाई सोडविण्याचे तिचे कौशल्य, बाळंतिणीस शेकणे–चोळणे, तिला धीर देणे यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि रोगजंतूंची कल्पना तिला नव्हती. विळ्याने किंवा हाती येईल त्या पात्याने नाळ कापल्यामुळे अर्भकास धनुर्वात होई, आणि न धुतलेल्या हाताने वारंवार आतून तपासल्यामुळे मातेस सूतिकाज्वर जडे. हात स्वच्छ करून तपासल्यास सूतिकाज्वराचे मृत्यू एकदम घटतात, हे सेमेलव्हाइस या डॉक्टरांनी व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ मध्ये दाखवून दिले होते. यूरोपातील डॉक्टरांनासुद्धा ते पटावयास काही दशके लागली, ही गोष्ट सुईणीला दोष देताना लक्षात ठेवावयास हवी.

शासकीय वर्तुळातून पहिला पद्धतशीर प्रयत्न झाला तो पारंपरिक सुईणीलाच शिकविण्याचा. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी स्थापन झाला. निरनिराळ्या प्रांतांत दाईंचे वर्ग भरविणे, उपस्थितीबद्दल त्यांना विद्यावेतन देणे व स्वच्छतेची मूलतत्त्वे शिकविणे, असे त्याचे कार्य होते. या निधीने १९१८ मध्ये भारतातील बाळंतपणाच्या स्थितीविषयी ठिकठिकाणच्या स्त्री-डॉक्टरांचे अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांत निराशेचा सूर वारंवार उमटतो : वयस्क सुईणी वर्गास येत नाहीत, आल्या तरी जुनी रीत सोडीत नाहीत, इत्यादी. हे अनुभव खरे असले, तरी त्यांची दुसरी बाजू त्या लेखनात क्वचितच येते. दिवसभर वर्गात बसणाऱ्या सुईणीची मजुरी बुडत असे, आणि तिला शिकवणाऱ्या बाईंना पुष्कळदा तिची बोलीही समजत नसे. शिकून आल्यावर यजमानीण तिला अधिक धान्य वा लुगडे देईल, याचीही शाश्वती नव्हती.

विधवांचे शिक्षण व परिचर्या : याच सुमारास महाराष्ट्रात विधवांच्या स्वावलंबनाची चळवळ दुसऱ्या दिशेने याच व्यवसायाकडे येत होती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. त्यातून शिक्षिका तयार होऊ लागल्या. रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांच्या पुणे सेवासदनाने (१९०९) एक पाऊल पुढे टाकून आपल्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविल्या. शिक्षिकेचे काम वरिष्ठ जातींच्या समाजाने त्या मानाने लवकर स्वीकारले. परिचारिकेचे तसे नव्हते. परपुरुषाची शुश्रूषा, रात्रपाळी, रक्त, शव व सर्व जातींचा स्पर्श या बाबी सोवळ्या कुटुंबातील विधवेने पत्कराव्यात, ही कल्पनाच अनेकांना असह्य वाटे. सुशिक्षित घराण्यांतील विधवांनी हा व्यवसाय पत्करणे म्हणजे एकाच वेळी वैधव्याचे व जातीचे असे दोन्ही निर्बंध मोडणे होते.

कमलाताई होस्पेट यांचे जीवन या संदर्भात पाहावयास हवे. त्यांचा जन्म खानदेशातील शिरपूर येथील मोहनी कुटुंबात झाला. बालवयातच विवाह व लवकरच वैधव्य, हा त्या काळातील असंख्य मुलींचा क्रम त्यांच्याही वाट्यास आला. रूढ मार्ग नाकारून त्यांनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि ते पूर्ण होताच, शासकीय नोकरीचा मार्ग खुला असतानाही, वेणूताई नेने यांच्या सहकार्याने स्वतंत्र प्रसूतिगृह काढले. त्याची खाटसंख्या चार असली, तरी त्यामागील कल्पना मोठी होती. रुग्णालयाच्या नावाने बिचकणाऱ्या मध्यमवर्गीय व गरीब स्त्रीस आपल्याच भाषेत बोलणाऱ्या, आपल्यासारखेच लुगडे नेसणाऱ्या बायका जेथे भेटतील, असे ते ठिकाण होते. घर व रुग्णालय यांच्या मधली ही जागा सीताबर्डीसारख्या वस्तीतच प्रथम निर्माण व्हावी, हे स्वाभाविक म्हणता येईल.

स्थापनेचे वर्षही लक्षणीय आहे. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरातच भरले आणि असहकाराचा ठराव तेथे कायम झाला. सरकारी शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार हा त्याचा एक भाग होता. दुसरीकडे, १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार १९२१ पासून प्रांतांत द्विदल राज्यपद्धती सुरू झाली. शिक्षण, वैद्यक, सार्वजनिक आरोग्य व स्थानिक स्वराज्य ही खाती त्यामुळे भारतीय मंत्र्यांकडे आली. ही ‘सोपीव’ खाती होती; मात्र तिजोरीच्या किल्ल्या राखीव खात्यांकडेच राहिल्याने मंत्र्यांच्या हाती पैसा बेताचा असे. राष्ट्रीय शाळेला सरकारी परीक्षा नाकारून काही काळ तरी चालता येत होते. प्रसूतिगृहाला ते शक्य नव्हते. तेथे शिकलेल्या मुलीस अन्यत्र काम मिळावयाचे, तर तिच्या ज्ञानावर कोणा मान्य अधिकाऱ्याची मुद्रा हवी होती. म्हणून या क्षेत्रातील लोकसंस्थांचा शासनाशी पहिला महत्त्वाचा संबंध अनुदानापेक्षा परीक्षेच्या निमित्ताने येतो. हा मुद्दा संस्थांच्या इतिहासलेखनात बहुधा दुर्लक्षित राहतो, कारण देणग्यांची नोंद अहवालांत सापडते, मान्यतेची किंमत मात्र आकड्यांत मांडता येत नाही.

शिक्षणाचे स्वरूप : प्रसाविकेचे शिक्षण पुस्तकापेक्षा खाटेजवळ अधिक होते. पोटावरून हात फिरवून गर्भाचे डोके कोठे व पाठ कोणत्या बाजूस हे ओळखणे, नळीने त्याच्या हृदयाचे ठोके ऐकणे, कळांमधील अंतर मोजणे या गोष्टी जुन्या परिचारिकेच्या हाताखालीच येतात. हात कोपरापर्यंत साबणाने घासणे, कात्री व दोरा उकळणे, नाळेतील स्पंदन थांबेपर्यंत वाट पाहणे, वार पूर्ण पडली की नाही हे पसरून तपासणे, नवजात अर्भकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालणे, हा नित्यक्रम होता. याहूनही मोलाचे शिक्षण म्हणजे आपल्या कौशल्याची सीमा ओळखणे. अतिरक्तस्राव, झटके, आडवे मूल किंवा लांबलेल्या कळा दिसताच डॉक्टरांना बोलावणे हे प्रसाविकेच्या परीक्षेत जितके विचारले जाई, तितकेच प्रत्यक्षात कठीण असे. रात्री निरोप कोणी न्यावयाचा, येथपासून प्रश्न उभा राही. ठरावीक संख्येच्या प्रसूती देखरेखीखाली स्वतःच्या हाताने केल्याखेरीज विद्यार्थिनीस परीक्षेस बसता येत नसे. या अटीमुळे लहान प्रसूतिगृहापुढे एक पेच उभा राहतो : पुरेशा प्रसूती झाल्या तरच विद्यार्थिनी शिकतात, आणि विद्यार्थिनी असल्या तरच अधिक प्रसूतींची व्यवस्था परवडते. शाखांचा विस्तार व शिक्षणाचा विस्तार म्हणूनच हातात हात घालून होतो. शिकलेली परिचारिका नव्या शाखेवर जाते, तेथे आणखी दोघींना तयार करते आणि अशा रीतीने एका घरातले प्रसूतिगृह पुढे जाळ्याचे रूप घेते.

परीक्षा व नोंदणी : इंग्लंडमध्ये १९०२ च्या प्रसाविका कायद्याने प्रमाणपत्र नसलेल्या स्त्रियांना काही वर्षांच्या मुदतीनंतर मोबदला घेऊन नित्य व्यवसाय करण्यास बंदी केली. भारतात तशी सरसकट बंदी अव्यवहार्य होती; खेड्यातील सुईण दूर केली असती, तर तिच्या जागी येण्यास कोणीच नव्हते. त्यामुळे येथील कायद्यांनी शिकलेल्या परिचारिकांची नोंदवही ठेवणे आणि शिक्षणसंस्थांना मान्यता देणे यांवर भर दिला. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी परिचारिका नोंदणीचा कायदा १९३६ मध्ये झाला. अखिल भारतीय पातळीवर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा आहे.

पुढील काळात नागपूरच्या संस्थांना एक वेगळीच अडचण आली. मध्य प्रांत व वऱ्हाडाचे १९५० मध्ये मध्य प्रदेश राज्य झाले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. नागपूरची राजधानी गेली. संस्था जागच्या जागी राहिली. पण तिचा पत्रव्यवहार ज्या सचिवालयाशी चाले ते बदलले, अनुदानाचे नियम बदलले आणि मान्यता देणारी मंडळेही बदलली. महाराष्ट्र राज्य झाल्यावरही काही वर्षे विदर्भात १९३६ चा, पश्चिम महाराष्ट्रात मुंबई राज्याचा १९५४ चा आणि मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा असे परिचारिकांविषयीचे तीन निरनिराळे कायदे चालू होते. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने ते एकत्र केले. प्रशासकीय पुनर्रचनेची चर्चा भाषा व सीमा यांभोवती फिरते. एखाद्या विद्यार्थिनीचे प्रमाणपत्र कोणत्या वहीत नोंदले जाणार, हा तिच्या पोटापाण्याचा प्रश्न त्या चर्चेत दिसत नाही.

स्वातंत्र्योत्तर अनुदान : स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर गरजेचे प्रमाण किती होते, ते भोर समितीच्या अहवालावरून (१९४६) कळते. समितीच्या अंदाजानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सु. ७,००० परिचारिका व ५,००० प्रसाविका होत्या. म्हणजे साधारणतः ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आणि ६०,००० लोकांमागे एक प्रसाविका. दर हजार जिवंत जन्मांमागे सु. वीस माता दगावत, आणि वर्षाकाठी दोन लक्ष स्त्रिया प्रसूतीच्या कारणाने मृत्युमुखी पडत, असे समितीने नमूद केले. इतकी मोठी उणीव केवळ सरकारी विद्यालयांतून भरून निघणे शक्य नसल्यामुळे स्वयंसेवी संस्थांचे साहाय्य घेणे प्राप्तच होते. १९५० नंतर साहाय्यक परिचारिका-प्रसाविकांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. तो पूर्ण परिचारिकेच्या शिक्षणापेक्षा लहान असल्यामुळे कमी शिकलेल्या मुलींनाही त्यात प्रवेश मिळू लागला.

दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली ऑगस्ट १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने लोकसंस्थांना थेट अनुदान देण्याची पद्धत रूढ केली. १९५८ पासून या मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणवर्गांची योजना चालविली. शाळा अर्धवट सुटलेल्या विधवा, परित्यक्ता व गरजू स्त्रियांना थोड्या काळात परीक्षेस बसविणे व पुढे परिचारिका, प्रसाविका वा शिक्षिका यांच्या शिक्षणास पात्र करणे हा तिचा उद्देश होता. अर्ध्या शतकापूर्वी कर्वे व रानडे यांनी लोकवर्गणीवर जे केले, तेच येथे शासनाने राष्ट्रीय पातळीवर उचललेले दिसते. समाजकल्याणाच्या योजनांत पुढे पुष्कळ भर पडली. पण गरजू स्त्रीला नेमका कोठे अडथळा होतो, हे इतक्या अचूकपणे ओळखणाऱ्या योजना थोड्याच असतील. तिचा अडथळा कौशल्याच्या आधी, शालान्त परीक्षेपाशी होता.

अनुदानपद्धतीचे दोषही येथे सांगावयास हवेत. अनुदान सामान्यतः वर्षापुरते मंजूर होई. खर्चाचा काही वाटा संस्थेने वर्गणीतून उभारावा, अशी अट असे. प्रसूतिगृहास वर्गणी मिळते ती इमारतीसाठी, खाटेसाठी, कोणाच्या तरी स्मरणार्थ. शिक्षिकेच्या पगारासाठी किंवा विद्यार्थिनींच्या वसतिगृहातील धान्यासाठी दाता सहसा मिळत नाही. जेथे लोकांचा हात आखडतो नेमक्या त्याच ठिकाणी शासनाचा पैसा यावयास हवा होता, आणि तो उशिरा येई.

मातृसेवा संघाचे पुढील कार्य केवळ प्रसूतीपुरते राहिले नाही. १९५८ मध्ये संघाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था नागपुरात स्थापन केली. नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या संस्थेतून पदवीधर समाजकार्यकर्ते बाहेर पडू लागले. मतिमंद मुलांसाठी ‘नंदनवन’ व वृद्धांसाठी ‘पंचवटी’ हीही संघाचीच अपत्ये. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री व १९८० मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. परिचारिकेच्या हातातील कौशल्यापासून विद्यापीठीय पदवीपर्यंतचा हा प्रवास एकाच संस्थेत घडला, हे विशेष होय. मात्र पदवीचे शिक्षण व खाटेजवळचे शिक्षण यांच्या प्रतिष्ठेत आणि वेतनात जे अंतर आहे, ते या प्रवासाने मिटले नाही.

सुईणीचा प्रश्न : नोंदणी व परीक्षा यांच्या पद्धतीने शिकलेल्या परिचारिकेचे स्थान पक्के केले, परंतु या पद्धतीचा उंबरठा म्हणजे लिहिता-वाचता येणे. वरिष्ठ वर्गांतील विधवेला तो ओलांडता येत होता, पिढीजात सुईणीला येत नव्हता. परिणामी प्रसूतीचे काम जसजसे प्रतिष्ठित झाले, तसतसे ते ज्यांनी शतकानुशतके केले त्यांच्या हातून निसटत गेले. सेवाभावी संस्थांच्या हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी अनेक मातांचे प्राण वाचविले आणि अनेक निराधार स्त्रियांना पायांवर उभे केले. तरीही हा सामाजिक परिणाम नोंदविल्याखेरीज हा इतिहास पूर्ण होत नाही. संस्थांच्या दारात सर्व जातींच्या बाळंतिणींना प्रवेश मिळाला, ही सुधारणा मोठी होती. शिकणाऱ्यांच्या वर्गात तसाच सर्वांना प्रवेश मिळण्यास पुढे प्राथमिक शिक्षणाचा प्रसार व राखीव जागा यांची वाट पाहावी लागली.

१९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेस बहुउद्देशीय आरोग्यसेविका करण्याची शिफारस केली आणि १९७७ मध्ये तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांवरून अठरा महिन्यांचा करण्यात आला. कुटुंबनियोजन, लसीकरण व नोंदवह्या यांत तिचा दिवस जाऊ लागला; प्रसूतीचे कौशल्य मागे पडले. त्याच सुमारास ग्रामीण आरोग्य योजनेखाली पारंपरिक दाईंचे वर्ग पुन्हा मोठ्या प्रमाणावर भरविण्यात आले, त्यांना उकळण्याजोगी साधने असलेली पेटी देण्यात आली. व्हिक्टोरिया निधीचाच हा दुसरा प्रयोग म्हणावयाचा. हे प्रशिक्षण थोड्या दिवसांचे असे आणि त्यानंतर दाईपाठीमागे कोणी उभे राहत नसे, म्हणून त्याचे फळ मर्यादित राहिले. दाईपाठीमागे देखरेख उभी राहिली तर काय साधते, हे विदर्भातच दिसून आले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले, दाईंना त्यांच्याशी जोडून घेतले व नवजात अर्भकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसविली. नवजात मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केंद्र शासनाने २०११ मध्ये ही पद्धत देशभर स्वीकारली.

दरम्यान शासनाचे धोरण संस्थेतील प्रसूतीकडे पूर्णपणे वळले होते. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली व गावोगाव ‘आशा’ कार्यकर्ती नेमण्यास प्रारंभ झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील सु. ९५ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. मातामृत्यूचे राज्यातील प्रमाण २०१८–२० मध्ये दर लक्ष जिवंत जन्मांमागे ३३ इतके नोंदले गेले. भोर समितीचा अंदाज याच परिमाणात मांडल्यास सु. २,००० होतो. आशा कार्यकर्तीसाठी घालून दिलेल्या मूळ नियमांत ती त्याच गावची, शक्यतो विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता असावी आणि आठवी उत्तीर्ण असावी, असे म्हटले होते. तिचा दर्जा स्वयंसेविकेचा ठरविला होता; वेतन न देता कामागणिक मोबदला द्यावयाचा होता.